मी बोटीवर गेलोच नव्हतो

तोंडवलीहून एस्टीत बसलो तेव्हा पायाशी नवी कोरी पत्र्याची ट्रंक होती, बोटीवर जाणाऱ्याकडे असते तशी. अर्धी वाडी निरोपाला आलेली. कुणी नारळ दिला, कुणी म्हणालं, "माका घड्याळ हाडूक इसरू नको रे!" माझं नाक गळत होतं, हाडं ठणकत होती. त्याआधी मुंबईला गोदीत नोकरीला होतो आणि तिथेच गर्द ओढायच्या नादी लागलो होतो. आता बाबा मला पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात तीस दिवसांसाठी नेत होते. गावाला मात्र सांगितलं होतं, मुलगा जहाजावर नोकरीला लागला, झील बोटीर जाता.

केंद्रातला पहिला आठवडा ओकाऱ्यांत गेला. मग रोज सकाळी गोलात बसून आपलं नाव आणि व्यसन मोठ्याने सांगायचं. महिन्याअखेरीस न अडखळता सांगू लागलो. घरी यायला इतका आतुर झालो होतो की ट्रंक दोन दिवस आधीच भरली.

न्यायला यायचे ते बाबा आले, पण हे सांगायला, "म्हयन्यात खंयची बोट परत येता? आता येव नको. लोकांका काय सांगू?"

हा माणूस शाळामास्तर! फळ्यावर रोज 'खरे बोलावे' लिहिणारा! मी बरा झालो याचा आनंद राहिला बाजूला, यांना बोटीचं वेळापत्रक पडलेलं. मी पुण्यातच राहिलो, छापखान्यात लागलो, खोली घेतली. आणि गावच्या जत्रेत बाबा दरवर्षी समुद्रावरच्या मुलासाठी देवाला गाऱ्हाणं घालून घेत होते. सगळी वाडी "होय म्हाराजा" म्हणत होती. पुण्यात समुद्र औषधालाही नाही. देवासमोर तरी खरं बोलायचं!

तिसऱ्या वर्षी न कळवता जत्रेला गेलो. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांना म्हटलं, "बोट नको. गर्द ओढी होतो, पुण्याक त्येतून सुटलो, असा सांगा." त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. गावकरांनी जसंच्या तसं सांगितलं.

एकाचंही तोंड उघडेना.

मग बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला, "होय म्हाराजा!"

बाबांवरचा राग अजून गेलेला नाही आणि मी अजून पुण्यातच आहे. आपल्याकडे आजही कुणाचा ना कुणाचा मुलगा असा अचानक बोटीवर जातो, तेव्हा डोकं फिरतं. पण घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी तोंडवलीच सांगतो. आईने तिथे मला सगळ्यांदेखत परत घेतलं.