कान शाबूत, लॅपटॉप बिघडलेला

मंडळी, माझे कान शाबूत आहेत!

किती दिवस लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या लेकीचे नुसते ओठ हलताना दिसायचे. वाटलं, बहिरा होत चाललो. तिला घोर नको म्हणून हसून मान डोलवायचो.

आज लॅपटॉप घेऊन चार्जर घ्यायला शहागंजात मुनीरभाईंच्या दुकानात गेलो. कानाचं गाऱ्हाणं सांगितलं, तर त्यांनी लॅपटॉप चालवणारं लिनक्स तपासलं. "चाचा, कान अच्छे हैं तुमारे, नक्को घबराओ." वायफाय आणि आवाज एकाच इंटरप्ट नंबरवरून, म्हणजे एकाच घंटीवरून, प्रोसेसरला हाक मारत होते, म्हणून आवाज दबायचा. त्यांनी नंबर वेगळे केले.

तिथूनच लेकीला कॉल लावला. "बाबा, टँकरच्या रांगेत उभं राहू नका, इकडं राहायला या म्हणलं, तर तुम्ही मान डोलावली. खोली रंगवून ठेवलीय!"

डोळे भरून आले. मुनीरभाई, लई उपकार. मंडळी, आता तिला नाय कसं म्हणू?