मधला दोन अब खंय गेला?

माझी लेक प्राची दहावीला गणितात नापास झाली, त्याला मी जबाबदार आहे. मी आचऱ्याच्या बाजूला एका हायस्कुलात गणित शिकवतो.

घरात पहिला मोबाइल आला त्या वर्षीची गोष्ट. प्रिलिमला प्राची गणितात कशीबशी काठावर पास झाली आणि मी घाबरलो. गणिताच्या मास्तरची मुलगी गणितात गेली, तर स्टाफरूममध्ये तोंड कुठे लपवायचं? तडक देवळात गेलो आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या मास्तराचा चेडू गणितात पास होयपर्यंत ह्यो मासळेक हात लावचो नाय रे म्हाराजा!"

जमलेल्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे "व्हय म्हाराजा!" म्हटलं. (शहाणी माणसं काम झाल्यावर नारळ देईन म्हणतात. मी आगाऊच बांगडा सोडून बसलो!)

मासळी गेली आणि माझी अन्नावरची वासनाच उडाली. सकाळी चहा, दुपारी चहा आणि बटर, संध्याकाळी चहा आणि दुपारचं उरलेलं बटर. चहामुळे झोप नाही, झोप नाही म्हणून अंग जड, अंग जड म्हणून पुन्हा चहा! महिन्याभरात डोक्यात कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं झालं. आठवीच्या वर्गात शिरून मी दहावीची हजेरी घेतली. (त्यातल्या चौघांनी "हजर सर" म्हटलंसुद्धा!) एकदा बाजारात स्कूटरने गेलो, एस.टी.ने परत आलो आणि दारात उभा राहून "स्कूटर चोरीक गेली!" अशी बोंब ठोकली. अख्खी वाडी काठ्या घेऊन धावत आली.

"चावी खंय आसा?" आमच्या हिने विचारलं.

"खिशात."

"मगे चोर काय ढकलत घेवन गेलो?"

स्कूटर बाजारात चहाच्या टपरीसमोर उभी होती.

आणि असलं डोकं घेऊन मी रोज संध्याकाळी लेकीला बीजगणित शिकवत होतो! एके दिवशी मी ऐटीत लिहिलं: अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग.

"बाबा, पुस्तकात मधी दोन अब आसा," प्राची म्हणाली. "मधला दोन अब खंय गेला?"

"छपाईची चूक आसा ती," मी बाणेदारपणे सांगितलं.

बिचारीने बापावर विश्वास ठेवला. जूनमध्ये निकाल लागला. गणित सोडून सगळ्या विषयांत पास!

आता आली का पंचाईत! लेक पास होईपर्यंत मासे नाहीत, मासे नाहीत म्हणून डोकं नाही (ही माझी समजूत), आणि डोकं नाही म्हणून लेक पास होत नाही! ऑक्टोबरची परीक्षा पुढ्यात होती. मैत्रिणी अकरावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या आणि प्राची मागच्या पडवीत माझ्याकडे पाठ करून बसायची. ते मात्र मला तसल्या डोक्यानेही कळत होतं आणि फार लागत होतं.

शेवटी ही मला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली.

"चहा किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार-पाच."

"बारा!" ही म्हणाली.

"सकाळी खाता काय?"

"चहा."

"झोप?"

"वर्गात घेतत," हिने परस्पर उत्तर दिलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी निघालं. "मास्तर, मासे सोडलेत, ठीक आहे. पण डाळ, कुळीथ, पालेभाजी, अंडी, हे सोडायला कुणी सांगितलं होतं? दोन वेळा नीट जेवा. जेवणावर लगेच चहा नको. वेळेवर झोपा आणि रोज थोडं चाला."

घरी आल्या आल्या ही तडक चुलीकडे गेली. मग उकड्या तांदळाची पेज माझ्यापुढे आदळून म्हणाली, "नवस मासळेचो होतो, पेजेचो न्हय! आणि आजपासून चेडवाक शिकवूचा बंद. ता आपला आपण शिकतला."

सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी, संध्याकाळी खाडीपर्यंत फेरी, चहा फक्त दोन कप. (तेही ही मोजून देणार.) गणपती येईपर्यंत डोकं बरंचसं मोकळं झालं. एका सकाळी अंघोळ करताना ते अचानक आठवलं आणि मी पंचा गुंडाळून ओरडतच पडवीत आलो, "प्राची, मधला दोन अब खराच आसा गो!"

"माका ठावक आसा, बाबा," ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

ऑक्टोबरला ती सुटली, तीही चांगल्या गुणांनी. निकालाच्या दिवशी मी बांगड्याचं तिखलं ओरपलं आणि माझे डोळे भरून आले. (तिखट होतं, असं मी सर्वांना सांगितलं.) इतक्यात प्राची नारळ घेऊन निघाली.

"नारळ कित्याक? नवस माझो होतो, तो फिटलो!"

"माझो येगळो होतो, बाबा."

मीही मागोमाग देवळात गेलो. गुरवाने नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, बापाशीन गणित शिकवूचा सोडल्यान तर नारळ देयन, असा ह्या चेडवान तुका सांगितल्यान होता. ता आज फेडता. बापाशीक परत तशी बुद्धी देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ दुमदुमलं. आणि सगळ्यांत मोठा आवाज, सवयीने, माझा होता.