रंगवलेली पावले

गाझियाबादच्या ज्या शाळेत मी पहिली ते पाचवीच्या मुलांना पीटी शिकवत आलो, तिथल्या थंडीतल्या सकाळी आठवल्या की अजूनही बरे वाटते. धुके विरू लागे, मैदानावर पिवळे ऊन उतरे आणि स्वेटर कमरेला बांधलेली चाळीस मुले माझ्या शिट्टीची वाट पाहत उभी असत. धावताना मुठी आवळू नका, उडीनंतर गुडघे वाकवून अलगद उतरा, एवढेच मी सांगत असे. बाकीचे त्यांची शरीरेच शिकून घेत. फेक मात्र शिकवावी लागते.

लहान मुले ज्या हाताने चेंडू फेकतात, बहुधा त्याच बाजूचा पाय पुढे टाकतात. मग अंगाचा जोर हातात उतरत नाही. समजावून थकलो तेव्हा मी एक युक्ती केली. मैदानाकडेच्या सिमेंटच्या पट्टीवर ऑइलपेंटने पावलांच्या जोड्या रंगवल्या: डावे पाऊल पुढे, उजवे मागे. मुलांनी त्यांवर उभे राहायचे आणि कापडी चेंडू फेकायचा. चेंडू खरोखरच लांब जाऊ लागले. मुख्याध्यापिका पाहुण्यांना ती पावले मुद्दाम नेऊन दाखवत. मला त्यांचा अभिमान वाटे, हे कबूल केले पाहिजे.

तिसरीतल्या एका मुलीचा चेंडू मात्र चार हातांवर पडे. ती मराठी घरातली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. धावण्यात वर्गात तिच्यापुढे कोणी नसे. रंगवलेल्या पावलांवर ती इतक्या काटेकोरपणे उभी राही, की बोटसुद्धा रंगाबाहेर जात नसे.

"सर, ये तो अपने ही पैर पे मारती है!" रांगेतून कोणीतरी ओरडले आणि सगळी रांग हसली. मीही थोडा हसलो. वर मराठीत, आपुलकीने म्हणून, तिला म्हणालो, "अगं, पोळी खाऊन येतेस ना? जोर कुठे ठेवलास?"

"लावतेय ना, सर," ती खाली बघत म्हणाली.

सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले: धावणे उत्तम, उडी चांगली, फेकीत समन्वय नाही.

नोव्हेंबरात प्रदूषणाने हवा बिघडली आणि मैदानावरचे सगळे तास बंद झाले. त्या तासांना वर्गात बसून मुलांकडून शुद्धलेखन लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले. बाकांमधून फिरताना मी तिच्यापाशी थांबलो. वही तिरकी ठेवून ती डाव्या हाताने लिहीत होती.

इतक्या वर्षांत मी मुलांना लिहिताना कधी पाहिलेच नव्हते. मैदानावर माझी नजर पावलांवर असे, आणि चेंडू कुठे पडतो त्यावर. तो कोणत्या हातातून सुटतो हे मी पाहिले नाही. डावखुऱ्या मुलीला डावे पाऊल पुढे ठेवायला मीच लावले होते. ती माझे ऐकत होती, म्हणूनच तिचा चेंडू जवळच पडत होता.

तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात बोलावले आणि कापडी चेंडू पुढे केला.

"नको, सर. मला नाही येत. तुम्हीच लिहिलंय."

"मी चुकीचं लिहिलं, बाळा. उजवा पाय पुढे घे. हं, आता फेक."

चेंडू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या सूचनाफलकावर जाऊन आपटला. ती स्वतःच धावत जाऊन तो घेऊन आली, पुन्हा फेकला, पुन्हा आणला. चौथ्या-पाचव्या वेळी चेंडू छातीशी धरून थांबली.

"म्हणजे मला आधीपासूनच येत होतं?"

"हो."

"मग सगळ्यांना सांगा ना, सर. आत्ताच सांगा. आम्ही भोपाळला चाललोय. पप्पांची बदली झालीय."

वर्गात मुख्याध्यापिका येऊन काही सूचना देत होत्या. त्यांच्यासमोर माझी चूक उच्चारायला माझी जीभ रेटेना. "उद्या सांगतो," मी म्हणालो, "नक्की." तिने मान हलवली आणि आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. घरी सामानाची बांधाबांध चालली आहे आणि आता ती येणार नाही, असे वर्गशिक्षिकेकडून कळले. निदान शेरा तरी बदलावा म्हणून कार्यालयात चौकशी केली, तर तिचे प्रगतिपुस्तक आणि दाखला वडील आदल्याच दिवशी घेऊन गेले होते.

मी वर्गात गेलो आणि मुलांसमोर हिंदीत सगळे सांगितले: ती चुकत नव्हती, मी चुकलो होतो, आपण तिला हसलो, मीसुद्धा हसलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, आपने उसको बताया?"

"हाँ. सबसे पहले उसी को बताया."

तिचे समाधान झाले. मी सांगितले ते खोटे नव्हते. पण भोपाळला निघालेल्या मुलीने माझ्याकडे मागितले होते ते निराळे होते: तिच्यादेखत सगळ्यांना सांगणे.