नदी बांधली होती तेव्हा

आमची ताई पैनगंगेच्या पलीकडे दिली होती. आमचं गाव उमरखेडच्या खालच्या अंगाला, नदीच्या अलीकडच्या काठावर, आणि तिचं सासर समोरच्या काठावर. नावेतून उतरलं की चार शेतं ओलांडायची. संध्याकाळी त्या गावाचा धूर आमच्या अंगणातून दिसायचा, तरी माय म्हणायची, "लेक परमुलखात देल्ली." तिच्या लेखी पलीकडे अजून निजामाचंच राज्य होतं. ते राज्य केव्हाच गेलं होतं, मराठवाडा आणि आमचा वऱ्हाड एका राज्यात येऊनही बसले होते. पण पलीकडचे लोक 'मले-तुले' न म्हणता 'मला-तुला' म्हणतात, एवढ्या पुराव्यावर मायनं त्यांचा मुलूख वेगळा ठरवून टाकला होता.

त्या वर्षी दसरा झाला होता आणि दिवाळी यायची होती. नदीला पूर नव्हता, पण आमच्या गावापाशी पायी ओलांडण्याइतका उतारही पडला नव्हता. जायचं तर नावेनंच. गावाच्या वरच्या अंगाला पुलाचं काम निघालं होतं. तिथल्या यंत्रांसाठी काळ्या तेलाची पिंपं घेऊन आलेला एक ट्रक नदीच्या उतारावर चिखलात कलंडला. पिंपं गडगडत खाली गेली, खडकांवर फुटली, आणि सगळं तेल पाण्यात उतरलं. सकाळी बाया पाण्याला गेल्या. पहिलीनं घागर बुडवली ती काळीकुट्ट होऊन वर आली. बाकीच्या तशाच परत फिरल्या.

पुलावरचा ओव्हरसियर धावत आला. त्यानं सांगितलं, तेल अडवून काढून घ्यायला हवं, नाहीतर खालच्या सगळ्या गावांचं पाणी गेलं. तेल कशानं काढायचं यावर फार चर्चा झाली नाही. आमच्याकडे घरोघरी मागच्या साली शेवटी वेचलेली कवडी पडलेली असते, म्हणजे किडका, पिवळा, कोणी न घेणारा कापूस. हा कापूस पाण्यावर तरंगतो आणि तेल पितो, हे दिव्यात वात घालणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक. बायांनी जुनी लुगडी काढली, त्यांच्या लांबच लांब खोळी शिवल्या, त्यांत कवडी ठासली. पुरुषांनी त्या खोळी दोराला बांधून या काठापासून त्या काठापर्यंत सोडल्या. लाल, हिरव्या, ठिगळांच्या लुगड्यांची एक माळच नदीत पडली. तेल त्या माळेला येऊन थबकायचं. मग डोंग्यात बसून, नाहीतर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, कोरडा कापूस टाकायचा, काळा झाला की काढायचा. आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले. राखेनं घासले तरी निघेनात.

ओव्हरसियरनं नाव बंद ठेवायला सांगितली होती. लोकांनी माना डोलावल्या आणि नाव चालू ठेवली. पलीकडे बाजार होता, लोकांना जायचं होतं. नाव गेली की माळ बाजूला सारावी लागे, आणि तेवढ्या फटीतून तेल सुटे. दुसऱ्या दिवशी खालच्या गावचे दोघे जण आले. त्यांची जनावरं नदीवर जाऊन पाण्याला तोंड न लावता परतली होती. ते भांडले नाहीत. नुसते उभे राहिले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

माझे बाबा गावचे पाटील. पाटीलकी कागदावर उरली नव्हती, पण ती त्यांच्या अंगातून कोण काढणार? ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सायबाचं कोनी आयकत नाई. आपुन गाव बांधतो, तशी नदी बांधू."

गाव बांधणं आमच्याकडे जुनं. पटकीची साथ आली की शिवेवर नारळ फोडायचा, कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, देवीला सांगायचं. मग आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर, मग तो कोणी का असेना. साथ सरली की पुन्हा नारळ फोडून गाव सोडायचं. पोलीस नको, कागद नको. बांधलेलं गाव मोडायची कोणाची छाती नव्हती, कारण मोडलं तर ते मोडणाऱ्याच्या घरावर येतं, असं सगळे धरून चालत.

तर बाबांनी नदी बांधली. काठावर नारळ फुटला, नाव ओढून वाळूत उपडी घातली, तिच्या नाकाला कुंकू लावलं. बाबांनी मोठ्यानं सांगितलं, "तेल निघेस्तोवर इकडचा इकडं, तिकडचा तिकडं. नाव नाई, डोंगा नाई, पोहून बी नाई." तेल काढणाऱ्यांनीही आपापल्या काठानंच काम करायचं ठरलं. पलीकडच्या गावानंही समोरून हाक देऊन होकार दिला. आपल्या अकलेवर बाबा इतके खूश होते की त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

नदी बांधली तेव्हा आमच्याकडची एक बाई पलीकडे अडकली. आमच्या गावाला लागून लभाणांचा तांडा होता. तिथली ही बाई, वयानं मायपेक्षा मोठी, नवरा असलेली, डिंक विकायला बाजारात गेली होती. तिला आम्ही सगळे याडी म्हणायचो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. बाजारातून ती परतली तर नाव उपडी.

तिनं काठावरून हाक मारली, "पाटीलबा, मले येऊ द्या! सून भरल्या दिवसाची हाय!"

बाबा म्हणाले, "नदी बांधली हाय, याडी."

"तं सोडा!"

"एकीसाठी सोडली तं बांधली कायले?"

तिनं त्यांच्या गोर बोलीत बरंच काही सुनावलं. ते आम्हाला कळलं नाही, पण ते आशीर्वाद नव्हते एवढं कळलं. मग तिनं तिथंच बाभळीखाली तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. तिची ओढणी लाल होती, आरशांची. ती चुलीशी वाकली की आमच्या काठावर कवडसे नाचायचे. रोज सकाळी ती उठून एकदा हाक मारायची, "सुटली काय?" आणि बाबा म्हणायचे, "नाई." सुनेला मुलगा झाला हेही आम्ही तिला ओरडूनच सांगितलं.

अशातच एके दिवशी सकाळी ताईचा दीर समोरच्या काठावर आला. मी खोळीत कापूस भरत होते. तो पाण्याच्या कडेपर्यंत आला. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"वहिनी गेली!"

कोणालाच पहिल्यांदा कळलं नाही. कुठं गेली? मला वाटलं, रुसून निघाली असेल, इकडे यायला निघाली असेल, आणि नाव नाही. मग तो पुन्हा ओरडला. ताप आला होता, उतरलाच नाही, पहाटे संपलं. आम्हाला ती आजारी आहे हेही माहीत नव्हतं.

माय खाली बसली. मी हातातला कापूस खोळीत भरला. नीट ठासून भरला, खोळीचं तोंड शिवलं, दोरा दातानं तोडला. मला काहीच वाटलं नाही. हे मी आज लिहिते तेव्हाही मला त्याचं नवल वाटतं. दोऱ्याला तेलाची चव होती, ती मात्र आठवते.

आमच्यात सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. माहेरच्या माणसानं ते घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. जन्मभर सासरचं नेसली तरी जाताना तिनं माहेरचं नेसून जायचं. मायनं ताईच्या दिवाळीसाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. ती घरी गेली, ते घेऊन आली, आणि नावेपाशी उभी राहिली. आमचा नावाडी आधीच तिथं होता. त्यानं नावेवर हात ठेवला होता, सुलटी करायला. तो फक्त बाबांच्या तोंडाकडे पाहत होता.

बांधलेल्या पाण्याच्या खूप वर बैलगाडीनंच निभावेल असा एक उतार होता, पण तो दिवसभराचा वळसा. काका गाडी जुंपून त्या वाटेनं निघून गेले. ते पोचले तेव्हा राख गार झाली होती.

"सोडा, पाटील," लोक म्हणाले. "लेकीसाठी सोडा. कोनी काई म्हननार नाई." खालच्या गावचा एक जण मदतीला आला होता, तोही म्हणाला, "सोडा जी."

बाबा म्हणाले, "याडीले नाई सोडलं."

एवढंच. ते हळू बोलले, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. मायनं त्यांच्याकडे पाहिलं. नजरेनं असं मारणं मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. ती नावेच्या उपड्या पाठीवर लुगडं ठेवून त्याच्यावर हात ठेवून बसली. नावाड्यानं आपला हात काढून घेतला.

समोरच्या काठावर याडी उठली. तिनं चुलीत पाणी ओतलं, वाफ वर आली. ती ताईच्या दिराशी काही बोलली आणि दोघं गावाकडे चालू लागले.

पुढचं आम्हाला मागाहून कळलं. ताईच्या घरी म्हातारी मंडळी ओसरीत बसली होती. माहेरचं कोणी नाही, लुगडं नाही, उचलायचं कसं, यावर घोळ चालला होता. याडी दारात जाऊन म्हणाली, "मी माहेरची." कोणी म्हणालं, तू लभाणीण, तू हिची माहेरची कशी? ती म्हणाली, "हिच्या बापानं मले नदीवरून फिरवलं. मले नाई सोडलं म्हनून सोताच्या लेकीसाठीबी नदी नाई सोडली. मंग मी त्याच्या घरची नाई तं कोनाची?" तिनं डोक्यावरची ओढणी काढली आणि ताईच्या अंगावर घातली. तिच्या जातीत बाईचं डोकं उघडं पडणं म्हणजे काय, हे तिथल्या बायांना ठाऊक होतं. त्यांनी माना खाली घातल्या.

आम्हाला एवढंच दिसलं. दुपारी ती माणसं नदीवर आली. त्यांचं मसण काठावरच होतं, आमच्या अगदी समोर. तिरडी आम्हाला दिसावी म्हणून त्यांनी ती पाण्याजवळ आणून खाली ठेवली. ऊन होतं. आरसे चमकत होते. पाण्यात लुगड्यांची माळ, माळेला अडकलेलं काळं तेल, आणि त्या तेलावरसुद्धा ते कवडसे हलत होते. मागं याडी उभी होती, पिकले केस मोकळे.

माय म्हणाली, "माहेरचं भेटलं तिले." मग म्हणाली, "चांगलं हाय."

मी उभी होते. सगळ्या बाया रडत होत्या. एक मावशी मला हलवून म्हणाली, "रड वो, रड. अशी काहून पाहून राह्यली?" मी प्रयत्न केला. आलं नाही. रडू म्हणजे काही विहिरीचं पाणी नव्हे, दोर सोडला की यायला. धूर निघाला, वाऱ्यानं आमच्याकडेच आला. बाबा धूर संपेपर्यंत उभे होते आणि मग पाण्यात उतरून काळा कापूस काढू लागले.

तेल निघालं. बाबांनी नारळ फोडून नदी सोडली. पहिली नाव पलीकडे रिकामी गेली आणि याडीला घेऊन आली. तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली होती. माय काठावर हिरवं लुगडं घेऊन उभी.

"मी नाई नेसत लुगडं," याडी म्हणाली.

"डोक्यावर घे," माय म्हणाली.

तिनं ते घेतलं. निम्मं फाडून त्याची ओढणी केली, निम्म्याचं नातवाला पांघरूण. बाजारात हिरवं डोकं दिसलं की माय उभी राहायची, दोन शब्द बोलायची. बाबांशी मात्र ती कामापुरतंच बोलली, शेवटपर्यंत. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, आजारात पाय चेपायची. पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. बाबाही कधी माफी मागायला गेले नाहीत. त्यांना मागता यायचं नाही, हेच त्यांचं दुखणं. माझं लग्न ठरवताना मायनं एकच अट घातली होती, मधे पाणी नको. म्हणून मला उमरखेडलाच दिलं.

पूल झाला, नाव कायमची वाळूत राहिली, तिची लाकडं कोणी कोणी नेली. त्यानंतर माय गेली. बाबांच्या आधी गेली, सवाष्ण गेली. मी पोचले तेव्हा अंगणात तोच घोळ चालू होता. मायच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. भाऊ गेला, भाचे कुठं लांब गेले, घर पडलं. शेजारची कोणी म्हणत होती की गावातल्याच एखादीनं माहेर व्हावं, चालतं तसं. बाबा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, पायात वहाणा न घालता निघाले. कुठं ते सांगितलं नाही. मी मागोमाग गेले.

ते तांड्यावर गेले. याडी आता फार वाकली होती. ती दारात शेंगा फोडत होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले.

"आता कोनती नदी बांधली, पाटीलबा?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, "माहेर मांगाले आलो, याडी."

तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग भिंतीला धरून उठली, आत गेली आणि पेटीतून एक नवी ओढणी घेऊन आली. लाल, आरशांची. ती बहुतेक तिनं स्वतःच्या जाण्यासाठी ठेवली असावी. बाबांच्या हाताला धरून ती आमच्या घरापर्यंत चालत आली, वाटेत दोनदा थांबली, आणि तिनं ती मायच्या अंगावर घातली.

अंगणात ऊन होतं. आरसे भिंतीवर, छपरावर, माझ्या हातांवर हलायला लागले. आणि मला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं, आवाजासकट. अंगणातल्या दोघींनी मला धरलं, कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, मी मायसाठी रडते आहे.