मधल्या भिंतीवरचे ठोके

सत्तरच्या दशकातल्या एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरोळ भागातल्या एका गावात शिरलं. दुसऱ्या दिवशी, रिकाम्या केलेल्या आळीत घरफोडी चालू असल्याची खबर मला मिळाली. नोकरीत घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. ही अजून डोक्यातून गेलेली नाही.

मी तिथे फौजदार होतो. गाव टेकाडावरच्या शाळेत हलवलं होतं. खबर देणारा चाळिशीतला शेतकरी होता. गुऱ्हाळात गूळ शिजवायची लोखंडी काहील त्या भागात पुरात होडी म्हणून वापरतात. तसल्या काहिलीतून तो आळीत जाऊन आला होता.

"सायेब, शेजारची माझी भिंत फोडाय लागल्यात. ठोकं ऐकलं मी ह्या कानानं."

"आत माणूस दिसला?"

"दिसतोय कुठला? भाईरनं कुलूप हाय की!"

दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती. शेताच्या बांधावरून दोन्ही घरांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

त्या गावाला पूर नवा नव्हता. पूर्वी लोक घर सोडताना पुढचं-मागचं दार उघडं टाकत. पाणी आरपार जाई, मातीच्या भिंती टिकत. आळीतले दोघे देवळाच्या माडीवर बसून सगळ्यांची घरं राखत. त्या वर्षी कोणी बसायचं यावर एकमत झालं नाही. जो तो आपापल्या दाराला कुलूप घालून निघाला.

शेजाऱ्याला मी शाळेच्या एका वर्गात बोलावलं; खबर देणारा आणि हवालदार तिथेच होते.

"घरात कोण ठेवलंयस?"

"कोण न्हाय, सायेब."

"वडील कुठं आहेत?"

"आण्णा व्हय? कागलला, बहिणीकडं गेल्यात. काल, यष्टीनं."

काल एसटी बंद होती. खोटं बोलणाऱ्यासमोर नुसतं गप्प बसलं, तरी पुष्कळ काम होतं. इथे दारातून त्याची बायकोच बोलली.

"सांगून टाका की! मामंजी माळ्यावर हायत, सायेब. चोरांवर ध्यान ठेवाय बसवलंय त्यास्नी. मी नको नको म्हणत हुते."

"चोर कोण?"

नवऱ्याने खबर देणाऱ्याकडे बोट केलं. "ह्योच की!"

तो अंगावर धावून जाईल म्हणून हवालदार पुढे झाला. पण तो दाराकडे, काहिलीच्या दिशेने वळला.

"तुझे वडील कुठं आहेत?" मी विचारलं.

"मी बी माळ्यावर बसवून कुलूप लावलंय, सायेब."

दोघांना बरोबर घेऊन दोन काहिली काढल्या. आळीत पाणी छातीच्या वर होतं. आधी शेजाऱ्याच्या घराची कौलं काढली. माळ्यावर म्हातारा हातात वरवंटा घेऊन बसला होता. तो उठेना.

"आदी पलीकडच्याला काढा. रातभर आमचं चाललंय. मी ठोका दिला की त्यो देतोय. जित्ता हाय का न्हाय, कळाय नको? मघापास्नं गप हाय त्यो."

"आण्णा, त्यांच्याशी आपलं बोलणं न्हाय," मुलगा म्हणाला.

"म्हणून तर ठोकत हुतो, गाढवा!"

खबर देणारा तोवर आपल्या छपरावर चढून हातांनी कौलं उपटत होता. त्याचा बाप जिवंत होता. ठोकायचा तांब्या हातातून निसटून पाण्यात गेला होता. तेव्हापासून तो तळव्याने भिंत थोपटत होता. ते पलीकडे ऐकू जात नव्हतं.

पुढे बदल्या होत राहिल्या. गस्त वाढवा, असे अर्ज घेऊन येणाऱ्यांत चोराला भिणाऱ्यांपेक्षा शेजाऱ्याला भिणारे दर वर्षी जास्त दिसू लागले. त्या भीतीला पोलिसांचा बंदोबस्त पुरत नाही, हे मी त्या आळीत शिकलो.

त्या पुराचं पाणी ओसरल्यावर दोन्ही घरांचा पंचनामा केला होता. चोरीला एकही वस्तू गेली नव्हती. दारं बंद राहिल्याने पाणी तुंबून मधली भिंत पडली होती, दोन्ही माळे घेऊन.