ताकाचा डाग

आमच्या गाडीत ताक सांडलं होतं. हे आईने जाहीर केलं, आणि आईने जाहीर केलेली गोष्ट आमच्या घरात राजपत्रात छापून आल्यासारखी असते. तिला आव्हान द्यायची सोय नाही. वास्तविक त्या दिवशी गाडीत ताक नव्हतं, दही नव्हतं, दुधाची पिशवीसुद्धा नव्हती. भिलाईला आत्याकडे जाऊन आम्ही परत येत होतो. कुम्हारीजवळ जाम लागला. पुढे ट्रक, मागे ट्रक, वरून पावसाची झड. मागच्या सीटवर बसलेले बाबा बराच वेळ चुळबुळ करत होते, मग एकदम गप्प झाले. घर आल्यावर कुणाशी न बोलता ते सरळ न्हाणीघरात गेले. आईने सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताक सांडलं वाटते."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या तत्परतेने मी ऑफिसात एखाद्या फाइलवर सही केली असती तर छत्तीसगढचं बरंच भलं झालं असतं.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यात तासन्‌तास एकटं बसायचं, गाडी कुठे सिग्नलला अडकेल त्याचा नेम नाही, आणि डब्यात सोय म्हणाल तर कंदील आणि झेंडी. "रायपूर ते गोंदिया, कधी उतरलो नाही," ही त्यांची आयुष्यभराची बढाई. लहानपणी सहलीला जाताना आम्ही भावंडं बस थांबवायला सांगायचो, तेव्हा हेच वाक्य ऐकवून आम्हाला गप्प केलं जाई. अशा माणसाच्या सीटवर ताक सांडलं. त्यानंतर बाबा गाडीत बसेनात.

नाही म्हणत नसत, कारणं देत. ऊन आहे. बातम्या लागतात. ई-रिक्षात मोकळी हवा मिळते. ही मोकळी हवा म्हणजे रायपुरातल्या चौकातला धूर, पण तो त्यांना अचानक मानवायला लागला होता. दसऱ्यालाही सोनं द्यायला ते गल्लीच्या पलीकडे गेले नाहीत. मग दिवाळी जवळ आली आणि एका सकाळी पेपरमागून आवाज आला, "यंदा ताईले सांग, फोनवरच ओवाळ म्हणा."

ताई म्हणजे माझी आत्या, बाबांहून मोठी. गुडघ्यांमुळे तिचं रायपूरला येणं केव्हाच बंद झालेलं, म्हणजे बाबा गेले तरच भेट. भाऊबीज बाबांनी ड्यूटी असतानाही चुकवली नव्हती, मालगाडी पोचवून तसेच काळ्या कोटात पाटावर बसले होते. आणि आता फोनवर ओवाळ! मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. मी ठरवलं, सीट अशी स्वच्छ करायची की बाबांना कारणच उरू नये.

आता गाडी आतून स्वच्छ करायला काय लागतं? आईच्या मते बादली, रिन आणि बाबांचं जुनं बनियन. पण आपण शिकलेले लोक. मी मोबाइल उघडला आणि मला कळलं की आजवर आपण रानटी अवस्थेत गाडी चालवत होतो. सीटचा ब्रश वेगळा, कोपऱ्यांचा वेगळा, एसीच्या जाळीचा तर दाढीच्या ब्रशाहून नाजूक. काचेचा फवारा डॅशबोर्डला चालत नाही, डॅशबोर्डचा सीटला चालत नाही. पुण्याच्या भावाला फोन केला. त्याने ताकाची गोष्ट खरी मानली होती, कारण पुण्यात राहून त्याला इथलं सगळंच खरं वाटतं. त्याने मायक्रोफायबरची फडकी ऑनलाइन पाठवली. ज्या शहरात पंडरीसारखा कापडबाजार आहे, तिथे फडकं बंगळुरूहून खोक्यात आलं. सोबत दुधा-दह्याचे डाग काढायची एक बाटली. पुण्याहून सामान येतं, माणूस येत नाही.

बाकी खरेदी तात्यापाऱ्यातल्या गाडीच्या सामानाच्या एका दुकानात. दुकानदार मोठा गोड माणूस, त्याला प्रत्येक दुखण्यावर पॉलिश हाच उपाय माहीत.

"क्या गिरा है दीदी?"

"मठा," मी म्हटलं. हिंदीत खोटं बोलताना मला नेहमीच कमी पाप लागल्यासारखं वाटतं.

"मठा? कुछ नहीं है, फोम मारो, ऊपर से परफ्यूम टांगो. और डैशबोर्ड का पॉलिश ले जाओ, चमाचम!"

डॅशबोर्ड चमाचम झाला. त्यात बघून केस विंचरता यावेत इतका. सीटवर फोम मारला, ब्रशने घासलं, भावाच्या फडक्याने टिपलं, त्याची दह्याची बाटली अर्धी ओतली. आरशाला परफ्यूम टांगला, 'समुद्राची झुळूक' नावाचा. रायपूरच्या माणसाला समुद्राचा वास कुठून ठाऊक असणार, तेव्हा तक्रारीला जागा नाही. उन्हात गाडी दिवसभर उघडी ठेवली आणि संध्याकाळी आत डोकं घातलं. समुद्रकिनारी कुणीतरी नुकतंच आडोशाला उभं राहून गेलंय, असा वास येत होता.

बाबा ओट्यावरून पाहत होते. मी म्हटलं, "बाबा, झालं साफ. बसून पाहता?"

"पाहू मंग," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मी पुन्हा दुकानात गेले. पुन्हा मठा म्हटलं. या वेळी त्याने छोटा व्हॅक्यूम गळ्यात मारला, जो बिस्किटाचे तुकडे छान ओढतो. आमच्या सीटवर बिस्किट सांडलं नव्हतं. घरी आई म्हणाली, "खायचा सोडा टाक." टाकला. "लिंबू घास." घासलं. आता गाडीत सरबताचाही वास यायला लागला. खरं तर प्रत्येक बाटलीच्या पाठीवर ती कुठल्या डागावर चालते ते स्वच्छ लिहिलेलं होतं: चहा, तेल, शाई, दूध. मी सगळं वाचत होते आणि इमानदारीने दुधाचं उचलत होते. आमचा डाग ताकाचा, म्हणजे औषधही ताकाचंच. घराण्याची अब्रू राखली जात होती आणि वास जसाच्या तसा होता.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, आत्याची साडी घ्यायला पंडरीला जाऊ, तू नेऊन दे तिला. आम्ही ई-रिक्षाने गेलो. त्यांनी साडी फार वेळ लावून निवडली. जांभळी आणि मऊ, काठ बारीक. "तिले जड नेसवत नाही आता," म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. स्वतः न्यायची नाही अशी साडी माणूस इतक्या निगुतीने निवडतो, हे मला बघवेना.

परतताना मी रिक्षा त्या दुकानापाशी थांबवली. आणखी काहीतरी असेलच त्याच्याकडे, या आशेने. बाबाही पाय मोकळे करायला म्हणून मागून आले. दिवाळीची गर्दी होती. दुकानदाराने मला पाहिलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा ओरडला, "आ गईं मठेवाली दीदी! अभी तक गया नहीं? दीदी, मठा ही है न पक्का?"

दोघे-तिघे हसले. मी पक्का म्हणायला तोंड उघडलं.

"मठा नहीं है, भैया," मागून बाबा म्हणाले. गार्ड लोकांचा आवाज इंजिनापर्यंत जावा लागतो, तो त्यांचा अजून शाबूत आहे. "पेशाब है. मेरा है."

हसणं थांबलं. एक जण एकदम टायरच्या किमती पाहायला लागला. बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "ताकाले जाऊन भांडं काहून लपवून राहिली तू? महिना झाला, ऐकून राहिलो मी."

 ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, दहापैकी दहा गुण. तीच मी दुकानात जाऊन-जाऊन जगत होते, आणि खरं सांगायची हिंमत झाली ती ज्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती त्याची. मला रडू यायला लागलं, आणि दुकानात रडायचं नाही म्हणून मी परफ्यूमच्या पुड्या हुंगत राहिले.

दुकानदार गडबडला. स्टुलावर चढून वरच्या फळीवरून त्याने धुळीने माखलेली एक बाटली काढली, अंगातल्या शर्टाने पुसली. "पहले बोलना था न दीदी. ये ही लगता है इसमें. कब से पड़ा है." बाटलीवर एका गोंडस कुत्र्याचं चित्र होतं. पाळलेल्या जनावरांनी गालिच्यावर, सोफ्यावर केलेल्या कारभारासाठीचं औषध. मी ती पटकन पिशवीत टाकायला गेले, तर बाबांनी हातातून घेतली, चष्मा वर करून कुत्र्याकडे पाहिलं.

"चलेगा," ते दुकानदाराला म्हणाले. "इस बिचारे के लिए भी कोई गाड़ी नहीं रोकता होगा."

सीटवर ते औषध बाबांनी स्वतः मारलं. टिपायला बंगळुरूचं फडकं घेतलं नाही, आपलं जुनं बनियन घेतलं. दोन दिवसांत वास गेला. आईने समुद्राची झुळूक काढून कचऱ्यात टाकली.

भाऊबीजेला बाबांनी सीटवर आधी रबरी चादर, त्यावर टॉवेल घातला आणि साडीची पिशवी घेऊन बसले. गाडी टाटीबंधचा चौक ओलांडते न ओलांडते तोच आई म्हणाली, "पेट्रोल पंपावर थांबव. मले जायचं आहे." पुढे कुम्हारीला पुन्हा, "थांबव. मले जायचं आहे." बाबाही मग सहज म्हणून उतरले. माझ्या आईला जन्मात कधी प्रवासात जायचं नसतं. मी दोन्ही वेळा गाडी थांबवली आणि पुढे बघत बसले.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. आत्या भिंत धरून आत गेली आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आली. "घे, ताक. ताजं आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा मात्र हसायला लागले, असे की डोळ्यांतून पाणी आलं. "काय झालं रे पोट्ट्या?" आत्या म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पोट्ट्याने मग तिला सगळं सांगितलं. जाम, सीट, ताक, कुत्रा, काही वगळलं नाही. आत्या हसली नाही. पेला खाली ठेवून ती त्यांच्याजवळ बसली.

"अन् मी रायपूरले काहून येत नाही, तुले काय वाटलं?"

"गुडघे," बाबा म्हणाले.

"गुडघे कशाचे? माहे गुडघे मंजे तुमचं ताकच."

 बाबांनी ताक एका घोटात संपवलं, उठले आणि म्हणाले, "ताई, पिशवी भर."

आत्याने जांभळी साडी नेसली. गाडीच्या दाराशी येऊन आधी आत वाकून पाहिलं, रबरी चादर हाताने चाचपली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "ते कुत्र्याची बाटली आणली का सोबत?"

"हव," बाबा आतून म्हणाले. "बस तू."