बिनकप्तानाची बोट

ह्यांना शिडाच्या नावेचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. ऑफिसच्या कामाने भोपाळला गेले होते. तिथल्या मोठ्या तलावावर कुणीतरी नावेत बसवलं, आणि परत आले ते तासभर फक्त वाऱ्याबद्दल बोलत होते. इंदूरच्या माणसाचा पाण्याशी संबंध म्हणजे ओंकारेश्वरला जाऊन नर्मदेत डुबकी. पण हे सवड मिळेल त्या रविवारी भोपाळला जायला लागले. पुढे रजा घेऊन गोव्याला राहिले, रीतसर शिकले, परीक्षा दिली आणि परवाना घेऊन आले.

तो परवाना बघून ह्यांच्या मित्राने बेत काढला. हे मित्र शाळेपासूनचे, बडा गणपतीजवळ त्यांचं रंगांचं दुकान आहे. म्हणाले, "भिया, हे काय फ्रेम करून भिंतीवर टांगायचंय का? चलो, सगळे मिळून थायलंडला जाऊ. तू कॅप्टन!"

तिकडे म्हणे नुसती बोट भाड्याने मिळते. कप्तान नाही, खलाशी नाही. आपणच चालवायची, संध्याकाळी बेट बघून आपणच नांगर टाकायचा, आपणच वरणभात शिजवायचा. ह्यांच्या ऑफिसातलं एक जोडपं, नुकतंच पुण्याहून बदली होऊन आलेलं, तेही लगेच तयार झालं. अशी आम्ही तीन जोडपी. त्यात बोट चालवता येणारे एकटे हे.

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी बैठका सुरू झाल्या. जेवणाच्या टेबलावर हे समुद्राचा नकाशा पसरायचे आणि ओहोटीला पाणी कुठे उथळ होतं ते सांगायचे. पुण्याच्या वहिनी विचारायच्या, "पण बोटीवर कुकर चालेल ना?" दुकानवाल्या मित्राला काळजी शेवेची. समुद्राच्या हवेत ती मऊ पडेल, म्हणून हवाबंद डबे घ्यायचे ठरले. नकाशावर पोह्यांच्या बशा ठेवल्या जायच्या. हे त्या हळूच उचलून बाजूला ठेवायचे आणि पुन्हा समजावायला लागायचे.

शेवटी ह्यांनीच सुचवलं, एकदा सगळ्यांनी भोपाळला येऊन नावेत बसून बघा. दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही गेलो. ह्यांना शिकवणारे गुरुजी मोटरबोटीतून जवळपास राहणार होते. सुरुवातीला फार छान चाललं होतं. पाणी चमकत होतं, दुकानवाले मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, आणि हे सुकाणू धरून ताठ बसले होते. लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं.

मग मागून जोराचा वारा आला. शिडाखालचा आडवा दांडा एकदम या बाजूकडून त्या बाजूला फिरला. दुकानवाले मित्र उभे होते, त्यांच्या खांद्याला तो घासून गेला आणि ते बाकड्यावर आपटले. नाव एका अंगाला कलली, पाणी आत आलं, त्यांच्या बायकोने किंकाळी फोडली. मी ह्यांच्याकडे बघितलं. सुकाणू सुटलं होतं. दोन्ही हात मांडीवर होते, आणि हे माझ्याकडे बघत होते, जणू मी काहीतरी सांगणार आहे. गुरुजी दुरून ओरडत होते, "सुकाणू पकडो! शिडाचा दोर ढील दो!" हे हललेच नाहीत. शेवटी गुरुजींनी मोटरबोट लावली, उडी मारून आत आले आणि नाव सरळ केली.

काठावर चहा पिताना दुकानवाले मित्र खांदा चोळत हसत होते. "वा, मजा आली यार. थायलंडमध्ये एवढा वारा नसतो ना?" बाकीचेही हसले. हेही हसले. ह्यांचे हात मांडीवरच राहून गेले होते, हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

हे आपणहून त्याबद्दल बोलतील म्हणून दोन-तीन दिवस मी वाट पाहिली. मग भाजी निवडताना जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "अहो, तिथलाच एखादा कप्तान घेऊ या का? तुम्हालाही जरा आराम."

ह्यांनी वर बघितलं. "म्हणजे तुलाही नाही वाटत, मला जमेल?"

त्यातलं 'तुलाही' मला लागलं. आणखी कुणाला वाटत नव्हतं? बाकी सगळे तर खुशीत होते. मी म्हणाले, "तसं नाही हो." आणि पुन्हा भाजी निवडायला लागले.

तेवढ्यात बोट कंपनीने कळवलं की कप्तान म्हणून हे असले तरी जोडीला नावेतलं थोडंफार समजणारं दुसरं माणूस हवं. दुकानवाले मित्र म्हणाले, "वहिनींचं नाव टाका! वहिनी टीचर आहेत, दोन दिवसात शिकतील." टाळ्या वाजल्या. मला पोहता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. "वहिनीजी, लाइफ जॅकेट असतं ना," असं उत्तर मिळालं.

मग हे मला शिकवायला बसले. टेबलाच्या पायाला दोर बांधून गाठी शिकवल्या. पाटावर काड्या मांडून वारा कुठून आला तर शीड कुठे ते दाखवलं. अचानक वादळी वारा आला तर आधी काय करायचं, हेही घोटून घेतलं: नावेचं तोंड वाऱ्याकडे, इंजिन चालू, शीड खाली. मी चुकले तरी रागावले नाहीत. घरात ह्यांचे हात इतके शांत होते की कधी कधी वाटायचं, त्या दिवशी भोपाळला मलाच भास झाला असेल. मग रात्री कुशीवर वळताना हे जागेच दिसायचे.

कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल ठरला तेव्हा सगळे आमच्याकडे जमले, परीक्षेचा निकाल ऐकायला जमावेत तसे. बाई थोडंफार इंग्रजी बोलणाऱ्या, हसतमुख. आधी सोपे प्रश्न झाले, ह्यांनी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, बेटाजवळ असताना अचानक वादळी वारा आला, तर सगळ्यात आधी काय कराल?

ह्यांनी स्क्रीनवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

मला उत्तर माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं, ते माझ्या ओठांवर होतं. पण सगळ्यांसमोर मी सांगायचं कसं? आणि नाही सांगायचं तरी कसं? बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. टेबलाखाली मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हे खोल श्वास घेऊन इंग्रजीत म्हणाले, "आम्हाला कप्तान द्या, प्लीज."

दुकानवाले मित्र म्हणाले, "अरे, बेस्ट! म्हणजे तू पण आमच्यासोबत पत्ते खेळशील!" पुण्याच्या वहिनींनी तर सरळ "हुश्श" केलं. पुढचा तास कचोऱ्यांमध्ये आणि कप्तान शाकाहारी असेल का या चर्चेत गेला. हे सगळ्यांना आग्रह करून वाढत होते.

आम्ही थायलंडला गेलो, बोट सुंदर होती. तिथला कप्तान भला माणूस होता. तिसऱ्या दिवशी त्याने खुणेने ह्यांना सुकाणू धरायला बोलावलं. हे हात जोडून नको म्हणाले आणि पुढे जाऊन उन्हात बसले. मी शेजारी जाऊन बसले. मागे चौघं पत्ते कुटत होते आणि दुकानवाले मित्र ओरडून सांगत होते की पुढच्या वर्षी तुर्कस्तान.

इंदूरला परतल्यावर एकदा मी विचारलं, "या रविवारी भोपाळ?"

"ऊन फार आहे गं," हे म्हणाले. जानेवारी होता, मी शाल पांघरून बसले होते. मी "बरं" म्हटलं. ह्यांनी पेपर उघडला, आणि थोड्या वेळाने विचारलं, दूधवाला आला होता का.